टीव्हीमागची गाठ

लॉजच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या आणि चार वाजत आले होते. चार वाजता भिवाजीची बायको चांगुणा त्यावर दिसणार होती. पाच वर्षांपूर्वी तिने गावच्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, तोच कार्यक्रम आज पुन्हा लागणार होता. तिच्याच दहाव्यासाठी नाशिकला आलेल्या भिवाजीला तिला एकदा हलताना-बोलताना बघायचे होते.

"गच्चीवर अँटेना एकच. एकाच वायरला गाठी मारून चौदा खोल्या जोडल्यात, काका," मॅनेजरने कपाळाला हात लावला. "मागची गाठ दाबून बघा."

भिवाजीने टीव्हीमागे शिरून गाठ चिमटीत धरली. मुंग्या गेल्या आणि ओवी सुरू झाली.

"आल्या, आल्या! यातल्या तुमच्या कोणत्या?" टीव्हीसमोरून मॅनेजरने विचारले.

"नथवाली."

"अहो, सगळ्याच नथवाल्या आहेत!"

"जात्याच्या खुंट्याला डावा हात असंल तिचा."

"दिसल्या! गाताना हसतात की हो!"

भिवाजीने बघायला मान बाहेर काढली, तशी गाठ निसटली. चित्र गेले, आवाजही मध्येच तुटला. त्याने घाईघाईने गाठ पुन्हा धरली.

"मी धरतो, तुम्ही पुढं या," मॅनेजर म्हणाला. "डोळे भरून बघून घ्या."

भिवाजीची चिमूट सैल होईना.

"नको," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "हात सोडला की ती गप होतीया."

ओवी संपेपर्यंत मॅनेजर एकटाच तिच्याकडे बघत राहिला.