भरल्या बैठकीतला डोळा

कल्याण दारात चपला काढत होता आणि आत दैवशाला, त्याची बायको, नेहमीची तीच गोष्ट सांगत होती.

"पोहे घेऊन गेले मी, अन् ह्यांनी डोळा मारला! भरल्या बैठकीत! तवाच मनात म्हणलं, गडी वस्ताद दिसतो. ह्यालाच होकार द्यायचा."

अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत परवाच शेजारी राहायला आलेली बेबीनंदा पदर तोंडाशी धरून हसत होती. कल्याण दारातच थांबला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्या दिवशी त्याने डोळा मारलाच नव्हता. मुलीकडे मान वर करून बघायचीही त्याची छाती नव्हती. डावी पापणी आपोआप मिटायची, मागोमाग गाल ओढला जायचा, ओठाचा कोपरा वर चढायचा. पुढे डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या शिरेचा आजार आहे, जन्मभर सांभाळावा लागेल. तेव्हापासून नऊ वर्षं, दर चार महिन्यांनी, कारखान्याचं काम सांगून तो जालन्याला जायचा. डोळ्याभोवती आणि गालात, ओढ सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या बारीक सुया टोचून घ्यायचा. घरी आल्यावर लाल ठिपके डासांवर ढकलायचा. बायको ज्या डोळ्यावर भाळली तो डोळा रोगाचा निघाला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आजही तो तिथूनच आला होता. पण औषध लागू पडायला चार-सहा दिवस जातात.

"या भाऊजी!" बेबीनंदाची ओळख दोन दिवसांची, जीभ मात्र मोकळी. "आता मारता का न्हाई डोळा, का म्हातारे झाले?"

तो काही बोलणार तोच पापणी मिटली. एकदा. पुन्हा एकदा. थेट तिच्या तोंडावर.

"अगं बया, बिलकुल तस्संच हाये की अजून!" बेबीनंदा हसत हसत आपल्या घरी गेली.

कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि फरशीकडे बघतच बोलला, "दैवशाला, तो डोळा मी मारला न्हवता. आजार हाये माह्या तोंडाला. जालन्याला त्याच्याच सुया घेतो. नऊ वर्षं तुला खोटं बोलून राह्यलो."

दैवशाला कपबशा गोळा करत होती. तिचा हात थांबला नाही.

"म्हणून तर नवं माणूस आलं की आधी मीच ती गोष्ट सांगून टाकते. न्हाईतर उद्या हीच बाई कॉलनीभर बोंब करील, शेजारचा माणूस डोळा मारतो म्हणून."

कल्याणने मान वर केली. "म्हंजे तुला ठाऊक हाये? कधीपासून?"

"तुम्ही बघायला आल्ते तवापासून," ती म्हणाली. "त्या दिवशी माह्या बापालाबी तुम्ही तीनदा डोळा मारल्ता."