बेरीची जागा

कप्तानाने गावच्या सभागृहात नकाशा पसरला. "आपला एस्टोनिया चिमुकला, पण सरहद्दीवरची ही दलदल म्हणजे तटबंदी! इकडे शत्रूचं चिटपाखरूही फिरकणार नाही. इथे पहारा नको." साल्मेआजी खुर्चीत चुळबुळली. दलदलीतल्या पक्क्या पायवाटेने ती चाळीस वर्षं क्रॅनबेरी आणत होती. पण बेरीची जागा पोटच्या पोरीलाही सांगायची नाही, ही गावाची रीत. त्यात शेजारची मेता कान टवकारून बसलेली. शत्रूला ती वाट सापडली तर? आजीने उठून नकाशावर लाल टाचणी खुपसली. "पहारा इथे ठेव, बाळा. इथे घोटाही बुडत नाही." "अस्सं! म्हणजे तुझ्या बरण्या इथे भरतात होय गं, लबाडे?" मेता तावातावाने पुढे आली. "आण टाचणी. माझी वाट याहून रुंद आहे!" मग सगळं सभागृहच उठलं. कप्तानाच्या टाचण्या संपल्या, रांग संपेना.