ॲरासेलीचे प्रश्न

"दारावर पोलीस आले तर दार उघडायलाच लागतं का, बाई?"

प्रश्न मागच्या बाकावरून आला. ॲरासेली बेनाविडेस नाताळनंतर शाळेत आली होती आणि आजवर वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. कॅफर्टीबाई फळ्याकडून वळल्या.

"त्यांच्याकडं वॉरंट असेल तर," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर न्यायाधीशाची सही असेल तर. नुसत्या साहेबाची सही चालत नाही. कागद दाराखालून सरकवायला सांगायचा, वाचायचा, मग ठरवायचं."

"काय गं, बँक फोडलीस का?" ट्रेंट म्हणाला. वर्ग हसला. ॲरासेली हसली नाही.

नोरीन कॅफर्टी नेब्रास्कातल्या त्या गावात कित्येक वर्षं अकरावीला इतिहास आणि राज्यकारभार शिकवत होत्या. त्या आठवड्यात राज्यघटनेतले हक्क चालू होते. गाव मांसाच्या कारखान्यावर जगायचं. हिवाळ्यापासून तिथं कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना धरायला पहाटे दारं वाजू लागली होती आणि वर्गातले बाक रिकामे होत चालले होते.

मंगळवारी ॲरासेलीनं विचारलं, "गप्प राहिलं, तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं का?"

"नाही. गप्प राहणं हा हक्कच आहे. जन्म कुठला, आलात कधी, काही सांगायचं नाही. वकील येईपर्यंत कशावर सही करायची नाही."

बाईंना हे सगळं पाठ होतं. पुस्तक मिटलेलंच होतं. पोरीचं मात्र वहीकडं लक्ष नव्हतं. ती बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होती.

तिला आई नव्हती. घरात बाप आणि ती. बाप अंधारातच कामाला निघतो, एवढं ती एकदा वर्गाबाहेर बोलली होती. गावात अंधारात निघणारे सगळे कारखान्यातच जायचे. त्या संध्याकाळी बाईंना जेवण गेलं नाही.

बुधवारी धडा मतदानाचा होता.

"बाई, तुम्ही कुणाला मत दिलंत?" ट्रेंटनं विचारलं.

"मतदान गुप्त असतं, ट्रेंट. आणि तुझ्यापासून तर फारच गुप्त."

हसणं ओसरलं तसा मागून बारीक आवाज आला. "एकट्याच माणसाला नेलं, तर कुणाला कळवतात?"

या वेळी कुणी थट्टा केली नाही. "त्यानं आधीच कुणाचा तरी नंबर पाठ करून ठेवावा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

गुरुवारी ॲरासेली आलीच नाही.

बाई दिवसभर दाराकडं बघत राहिल्या. समुपदेशक स्ट्राउड त्यांना जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "घरी कुणाला तरी पाठवू का? वरच्या ऑफिसला कळवून ठेवतो."

"नको," बाई चटकन म्हणाल्या. "ऑफिसला काही कळवू नकोस. अशा वेळी जितक्या कमी लोकांना ठाऊक, तितकं बरं."

शुक्रवारी ती आली. डोळे सुजलेले होते. तासभर तिनं काही विचारलं नाही. घंटा झाली, मुलं निघून गेली, तरी ती बाकावरून उठेना. बाईंनी दार लोटलं आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"बाबांची काळजी वाटतेय ना तुला?"

तिनं मान खाली घातली. "त्यांना कळलं मी बोलले, तर ते मला कधी माफ नाही करणार."

"मी कुणाला सांगणार नाही. हे बघ, मी एकटीच राहते. घरात जागा आहे. आजच ये, वडिलांनाही घेऊन ये. काहीही झालं तरी मी दार उघडणार नाही."

ॲरासेलीनं बाईंचा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती.

"बाबा कारखान्यात नाहीत, बाई. इमिग्रेशनमध्ये अधिकारी आहेत. पहाटे दारं वाजवतात ते."

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. बाहेर पार्किंगमधून गाड्या एकेक करून निघत होत्या.

"रविवारी ते फोनवर तुमचं नाव घेत होते. तुमच्याकडंही कागदपत्रं नाहीत म्हणे," ती म्हणाली. "उद्या पहाटे तुमच्याच घरी येणार आहेत."