बाबांचा शेवटचा फोटो

सत्य फक्त कृष्णधवल फिल्मवरच उतरतं, असं दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या ग्यूहोचं ठाम मत होतं. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांना तो माणसांत गणत नसे. त्यामुळे अंत्यविधीत ठेवायचा फोटो तिथल्या रीतीप्रमाणे धडधाकट असतानाच काढून घ्यायला बाबा नवा कोट घालून बसले, तेव्हा ग्यूहोने ठेवणीतला जुना कॅमेरा काढला.

"ग्यूहो, अरे तुझा तो कॅमेरा..."

"बोलू नका, बाबा! चेहरा हलला की भाव गेला," कॅमेऱ्याच्या लेन्सशेजारच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावून तो गुरगुरला. रोल संपेपर्यंत बाबा मुकाट बसून राहिले.

मग ग्यूहो रसायनं घेऊन न्हाणीघरात शिरला.

"अहो, मला आंघोळ करून कामावर जायचंय," बायकोने दार वाजवलं.

"इथे इतिहास धुतला जातोय!"

"मग माझे मोजेही टाका त्यात."

फिल्म निघाली ती काचेसारखी कोरी. ग्यूहोने आधी रसायनाला, मग नळाच्या पाण्याला आणि शेवटी दार वाजवणाऱ्या बायकोला दोष दिला. तो दमून थांबल्यावर बाबांनी विचारलं, "आता बोलू का?"


लेन्सवरचं झाकण अजून काढलेलं नव्हतं.