शेवटचा चौकोन

वाचनालयाच्या दारावर ग्रंथपाल सुलभाताई रोज स्वतः काढलेली चित्रकथा चिकटवायच्या, पण तीनच चौकोन. चौथा आत कुठल्यातरी पुस्तकात लपवलेला असायचा. तो शोधता शोधता वस्तीतली पोरं पुस्तकांत रमू लागली होती.

"कार्टून बघायला येतात, वाचतंय कोण?" म्हणत वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्या दुपारी सगळी पुस्तकं टेम्पोत भरून रद्दीवाल्याकडे धाडली. रिकाम्या गाळ्याला कुलूप लागलं.

संध्याकाळी चौथीतली पौर्णिमा आली. दारावरच्या तिसऱ्या चौकोनात करडू विहिरीत पडलेलं पाहून तिचा चेहरा उतरला.

"वर येतं गं ते," सुलभाताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

पौर्णिमानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नका ना! माझं मी शोधते. तुम्ही फक्त कुलूप काढा."