वळणावरची मजा

यशवंतपूरच्या गॅरेजात हर्षिताची मुद्दाम जमिनीलगत बसवलेली गाडी व्हील अलाइनमेंटसाठी उभी होती. सोबत आई होती. तिच्या खांद्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी गाडी चालवायचा धीर होत नव्हता. “चाकं नेहमीसारखी आत झुकलेलीच ठेवू?” मेकॅनिक अण्णांनी विचारलं. त्यामुळे गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहायची. हर्षिताला तेच आवडायचं. सरळ रस्त्यावर मात्र स्टिअरिंग घट्ट धरावं लागायचं. “नको, अण्णा. हात हलका ठेवला तरी सरळ गेली पाहिजे.” “सरी, ठीक आहे. पण वळणावरची मजा जाईल.” “जाऊ दे. आता आई चालवणार.” काम झाल्यावर हर्षिताने किल्ली पुढे केली. आईने ती थोडा वेळ मुठीत धरली. मग ड्रायव्हरच्या जागी बसून सीट पुढे ओढली, आरसा वळवला आणि लेकीला म्हणाली, “पट्टा लाव.”