मनगटावरची पट्टी

विभागीय क्रीडास्पर्धेतल्या अडथळ्यांच्या शर्यतीत शेवटी लोखंडी कड्यांना लोंबकळत चिखलाचा खड्डा ओलांडायचा. तिथे परीक्षक कात्री घेऊन सकाळपासून ताटकळत बसला होता. नियम सरळ: कितीही वेळा पडा, पुन्हा लटका; हार मानलीत, तर मनगटावरची पट्टी कापून घ्यायची. पदकं वाटून झाली, प्रेक्षक पांगले. उरली फक्त त्याची लेक. ती पुन्हा धपकन पडली. फरफटत काठाशी येऊन तिने सोलवटलेला हात पुढे केला. “बाबा, कापा. आता नाही होत.” केव्हापासून त्यालाही हेच हवं होतं. कात्री उघडून तो थांबला. “बाबाला सांगत असशील, तर आत्ता कापतो. परीक्षकाला सांगत असशील, तर अजून वेळ आहे.” तिने डोळे वटारले. हात मागे घेऊन ती कड्यांकडे वळली. “बाबांना निरोप द्या, परीक्षकसाहेब. म्हणावं, मला घरी यायला उशीर होईल.”